पेटीवाल्याची लेक लिहिते: कोकणातल्या हौशी संगीत नाट्यमंडळांना खुले पत्र

दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ला-सावंतवाडीपर्यंत जिथं जिथं आजही तिसऱ्या घंटेनंतर पडद्याआडून नांदीचे सूर येतात, तिथल्या सगळ्या मंडळांना, तालीम घेणाऱ्यांना, गाणाऱ्या नटनट्यांना आणि साथीदारांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मी एक ‘संगीत सौभद्र’ मध्यंतरात सोडून घरी आले. जवळजवळ पन्नास वर्षं मी संगीत नाटकं बघतेय, पण असं पहिल्यांदाच घडलं. तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होतं.

मंडळाचं नाव, गावाचं नाव लिहीत नाही. ज्या मुलीनं सुभद्रा केली तिचा यात काडीचा दोष नाही, आणि तिथं जे झालं ते थोड्याफार फरकानं मी आणखी पाच-सहा ठिकाणी पाहिलंय. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. गळा असा, की तिनं पहिला सूर लावला आणि माझ्या शेजारच्या आजींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवून दिली. ‘वद जाऊ कुणाला शरण’ सुरू झालं. रंगमंचासमोरच्या पिटात, साथीदारांच्या जागी, पेटी नव्हती, तबला नव्हता. साथ आधी ध्वनिमुद्रित करून आणलेली, ती दोन स्पीकरमधून येत होती. दुसऱ्या ओळीला तिचं पाऊल नऊवारीच्या काठात अडकलं. ती क्षणभर थबकली, शब्द अर्धा तोंडात राहिला. स्पीकरमधला तबला कशाला थांबतोय? तो पुढच्या आवर्तनात गेला आणि पोरगी त्याच्यामागं धावत सुटली. सम गाठेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची सुभद्रा पुसली गेली होती. शेवटी घोटून पाठ केलेली तान आली, टाळ्या पडल्या, आणि मला रडू आलं. ते सुभद्रेच्या दुःखानं आलेलं नव्हतं.

आता त्या पदाकडे जरा बघा. पहिला शब्द ‘वद’. म्हणजे सांग. कुणी सांगायचं? पुढं सखीला हाक आहेच. बलरामदादानं आपलं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, मनात अर्जुन आहे, घरातलं कुणी ऐकून घेत नाही, अशा वेळी एक मुलगी मैत्रिणीला विचारतेय की मी आता कुणाचे पाय धरू? म्हणजे हा प्रश्न आहे. तो समोरच्या माणसाला विचारायचा आहे. त्या संध्याकाळी सखी दीड हात मागं, हात बांधून उभी होती. सुभद्रेनं तिच्याकडं एकदाही वळून पाहिलं नाही, कारण तिला तसं कुणी सांगितलंच नसणार. सगळा प्रश्न प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला विचारला गेला.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. नाट्यपद हा संवाद आहे. तो ज्याच्याशी बोलायचा त्याच्याशी बोला, आणि नाटकातून तोडून वेगळा काढू नका. बाकी जे लिहितेय ते याच्याच पोटात येतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावच्या रामनवमीच्या उत्सवात पायपेटी वाजवायचे. देवळासमोरच्या खळ्यात माडाच्या झापांचा मांडव, वाशांवर फळ्या ठोकून केलेलं स्टेज. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून विंगेत दोन पेट्रोमॅक्स कायम तयार. मी दादांच्या उजव्या अंगाला, पेटीला टेकून बसायचे. तिथून नाटक पायांकडून दिसायचं. जरीचे काठ, पैंजण, फळ्यांच्या फटीतून उडणारी धूळ, आणि या सगळ्याच्या खाली दादांच्या पायाखालच्या भात्याची संथ हापहूप. दादांची नजर पट्ट्यांवर कधीच नसायची, ती नटाच्या मानेवर असायची. श्वास घ्यायला मान किंचित उचलली गेली की त्यांचा हात अलगद व्हायचा. नट विंगेतून यायला उशीर करतोय असं दिसलं की ते मुखडाच फिरवत ठेवायचे, लोकांना वाटायचं चालच तशी आहे. शेवटच्या अंकापर्यंत एखाद्याचा गळा बसायला लागला, तर गद्य चालू असतानाच खुणेनं तबलजीला सांगून पुढचं पद खालच्या पट्टीत, काळी दोनऐवजी काळी एकला घ्यायचे. नटाला ते पद सुरू झाल्यावर कळायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मी खालून बघायचे.

आमच्या गावात तेव्हाही स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. सुभद्रा करणारे काका एरवी दुसऱ्याची पोफळीची बाग राखायचे. एका वर्षी, मी आठ-नऊ वर्षांची असेन, त्यांनी हेच पद घेतलं. सखीचा हात हातात धरून घेतलं. दुसऱ्यांदा धृवपदावर आले, तान घ्यायची जागा आली, सगळा मांडव त्या तानेची वाट बघत होता आणि काका थांबले. गळ्यात आवंढा आला तो खरा की केलेला, मला आजवर कळलेलं नाही. दादांनी एकच सूर धरून ठेवला. तबलजीनं हात मांडीवर ठेवला. मग काकांनी ती ओळ तान न घेता, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली आणि सखीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. टाळी पडली नाही. बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज आले. रात्री घरी येताना आईनं विचारलं, “आज तान का नाही घेतली हो त्यांनी?” दादा म्हणाले, “सुभद्रेला कुठली तान सुचत्येय त्या वेळी!”

स्पीकरला हे करता येणार नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही, की निदान जुन्या संगीत नाटकाला ध्वनिमुद्रित साथ लावू नका. पेटीवाला मिळत नाही, तबलजीला मुंबई-पुण्याहून आणायचं तर खर्च झेपत नाही, हे मी जाणून आहे. त्यावर पुढं लिहिते.

आधी पदांच्या लांबीचं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. ‘सौभद्रा’त शंभराहून जास्त पदं आहेत. एवढी पदं एका नाटकात मावली, कारण त्यातली कितीतरी साक्या, दिंड्या, कामदा अशा छोट्या छंदांच्या वळणाची आहेत. चार ओळींत बोलणं पुरं होतं आणि नाटक पुढं सरकतं. गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात जाताना पायरीसुद्धा लागत नाही. पुढं नाटककार खाडिलकरांचा काळ आला. १९११ मध्ये ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली लागल्या, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारी आणली. पदं कमी झाली, गाणं मोठं झालं. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँसाहेब बसायचे, तिथं गाणं लहान राहीलच कसं? त्या गाण्यावर माझा जीव आहे. आमच्या घरी ‘एकच प्याला’तली सिंधूची पदं देवाच्या आरतीइतकी पाठ होती. पण बालगंधर्वांना घडवताना देवलांसारखा तालीममास्तर लाभला होता, हे आपण सोयीनं विसरतो. ‘शारदा’ लिहिणारे देवल गद्याची एकेक ओळ नटाकडून घोटून घेत. त्या तालमीवर तो गळा उभा होता. आपण गळ्याची नक्कल करतो आणि तालीम टाकून देतो.

यात आणखी एक गोम आहे. आजची मुलं नाट्यपदं शिकतात ती जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून किंवा मोठ्या गवयांच्या मैफलींवरून. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळं तिच्यात पदाच्या मागचापुढचा संवाद नाही. मैफलीत तर नाटकच नसतं, तिथं गवयानं पद फुलवावं हेच बरोबर. मुलगी ते ऐकून शिकते आणि मैफलीतलं पद तसंच उचलून रंगमंचावर आणून ठेवते. तिला कुणीतरी संहिता हातात द्यायला हवी, आणि या पदाच्या आधी कोण काय बोललं ते वाचायला लावायला हवं. हे काम तुमचं, तालीम घेणाऱ्यांचं. चाल बसवणारा गुरू वेगळा आणि नाटक बसवणारा दिग्दर्शक वेगळा, दोघं रंगीत तालमीलाच काय ते भेटतात, असं मी जवळून पाहिलंय. मग पद सुरू झालं की दिग्दर्शकाचा नट संपतो आणि गुरूचा शिष्य उभा राहतो. दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसा एवढंच सांगते.

‘संशयकल्लोळ’चं उदाहरण घ्या. देवलांनी ते १८९३ साली ‘तसबिरीची करामत’ म्हणून गद्यात लिहिलं होतं. पदं आली ती १९१६ साली. म्हणजे ते नाटक तेवीस वर्षं एकाही पदाशिवाय उभं होतं! फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका ज्या तडफेनं एकमेकांवर संशय घेतात, ती तडफ गद्याची आहे. आणि हल्ली आपण काय करतो? वेळ कमी पडली की कात्री गद्याला. आश्विनशेठची पदं तशीच, रेवतीची पदं तशीच, त्यांच्या तानाही तशाच, आणि फाल्गुनरावाच्या वाट्याला मेलं दोन मिनिटांचं घाईचं बोलणं. तसबीर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली हेच कळलं नाही तर लोकांनी हसायचं कशाला?

स्पर्धेला वेळेची मर्यादा असते, आणि आता पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षकही नाहीत, हे मला मान्य आहे. नाटक कापावं लागणारच. पण कापताना पदाचं कारण कापू नका. बलरामाचा हट्ट गेला की सुभद्रेचं रडणं हवेत लोंबकळतं. हवं तर दोन पदं अख्खी गाळा, मला चालेल, जीव कळवळेल पण चालेल. राहिलेल्या पदांतल्या ताना निम्म्या करा. कृष्णाचं मिश्किल बोलणं मात्र ठेवा, कारण तो हे सगळं कशासाठी घडवून आणतोय ते तिथंच उलगडतं.

माझं हे म्हणणं जुन्याच नाटकांना धरून आहे असं समजू नका. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, त्यात ‘घेई छंद’ हे एकच पद दोन वेगळ्या गायकींत येतं. शब्द तेच, पण एकात पंडितजींचा स्वभाव, एकात त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या खाँसाहेबांचा. दारव्हेकरांच्या नाटकातलं भांडणच अभिषेकीबुवांनी चालीत आणून ठेवलं. वसंतराव देशपांडे त्यात काय गायले ते सारा महाराष्ट्र जाणतो, पण त्यांचा खाँसाहेब गाणं थांबवून नुसता उभा राहिला तरी लोकांचा श्वास अडकायचा, असं दादा सांगायचे. ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगावकरांचं ‘गर्द सभोती’ ऐका. किती साधं आहे ते! नदीवरची एक मुलगी मनातलं बोलतेय, बस्स. आणि अगदी अलीकडं, २०१७ मध्ये आलेलं प्राजक्त देशमुखांचं ‘देवबाभळी’. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, अशा दोघीच रंगमंचावर. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा, लखुबाई झालेली रुक्मिणी तिची सेवा करतेय, आणि बोलता बोलता गाणं कधी लागलं ते आपल्याला कळतसुद्धा नाही. प्रयोगानंतर माझ्या भाचीनं, जिला ‘सौभद्र’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मला विचारलं, “मावशी, असं आणखी कुठलं नाटक आहे?” कोकणातल्या मंडळांनो, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचंय.

आणि आपल्याला ते द्यायला लांब कुठं जायला नको. दशावतार आपल्या दारात आहे. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जत्रेला रात्री उभं राहून बघा. एका बाजूला बाकावर पेटी, पखवाज, झांज. नट बोलता बोलता पेटीवाल्याकडं नुसता डोळा टाकतो आणि सूर मिळतो. पाठ केलेली संहिता नाही, तरी पद कुठं सुरू करायचं आणि कुठं टाकायचं ते चुकत नाही. राजाला राग आला की पद येतं, राग सांगून झाला की पद संपतं, तलवार बाहेर निघते. रात्रभर माणसं मातीवर बसून बघतात. आपल्यातले पुष्कळ जण संगीत नाटक म्हणजे वरचं आणि दशावतार म्हणजे गावंढळ असं मानतात, ते मला कधीच पटलेलं नाही. तुमच्या मंडळातल्या गाणाऱ्या मुलामुलींना एका मोसमात चार जत्रा दाखवा. वर्गात जे शिकवता येत नाही ते तिथं दिसेल.

या मातीला गाण्याचं आणि नाटकाचं नातं नवीन नाही. गवई रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातले. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्याच काळात त्यांनी ‘उःशाप’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ ही संगीत नाटकं लिहिली. ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगमंचावर आणलं, तेव्हा चाली वझेबुवांच्या आणि गळा मास्टर दीनानाथांचा. दीनानाथ आणि अभिषेकी दोघंही गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मालवणच्या नाट्यगृहाला मामा वरेरकरांचं नाव आहे. आणि मला सगळ्यांत अभिमान वाटतो तो कणकवलीचा. कुमार गंधर्वांना साथ करणाऱ्या वसंतराव आचरेकरांच्या नावानं तिथं नाटकाची, गाण्याची संस्था उभी आहे. तबल्याची साथ करणाऱ्याच्या नावानं! साथीदाराला एवढा मान देणारा हा मुलूख, आणि इथंच आता पिट रिकामं ठेवून स्पीकर लावायची वेळ यावी?

साथीदारांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. नाटकाआधीच्या उद्घोषणेत वेशभूषा, रंगभूषा, प्रकाश, नेपथ्य, सगळ्यांची नावं येतात, आणि ‘संगीत साथ’ म्हणून घाईघाईनं दोन नावं शेवटी. दादांचं नाव वीस वर्षांत दोनदा चुकीचं पुकारलं गेलं. ते काही बोलले नाहीत, पण आईच्या ते लक्षात राहिलं, माझ्याही राहिलं. साथीदारांना पहिल्या तालमीपासून बोलवा, येण्याजाण्याचा खर्च द्या, जेवायला नटांच्या पंगतीत बसवा. आणि पिटात अशा जागी बसवा की नटाला त्यांचे डोळे दिसतील.

खर्चाचं मी टाळलेलं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकांच्या तोडीस तोड दोन कंपन्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये? एका मंडळाला पेटीवाला परवडत नसेल तर तीन मंडळांनी मिळून एक सांभाळा. एका तालुक्यात चांगली सुभद्रा आहे, शेजारच्या तालुक्यात चांगला कृष्ण आहे, दोघंही आपापल्या गावात अर्धंमुर्धं ‘सौभद्र’ करतायत. एकत्र या आणि एकच पुरा प्रयोग रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात करा, मग तोच मालवणला न्या. दशावतारातल्या एखाद्या पेटीवाल्याला विचारून बघा, तो आनंदानं येईल असं मला मनापासून वाटतं.

प्रेक्षकांचंही चुकतं, ते मी कबूल करते. तान आली की टाळी, तान नाही तर ‘आज गळा लागला नव्हता’. आम्हीच तुम्हाला या सवयी लावल्या. यापुढं तुमच्या नाटकाला आले आणि एखादी सुभद्रा तान सोडून सखीकडं वळली, तर मी प्रयोगानंतर विंगेत येऊन तिला भेटेन.

दादा जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांची पायपेटी गावच्या घरी माजघरात आहे. समुद्रावरच्या दमट हवेनं पट्ट्या फुगल्या होत्या, मंद्र सप्तकातले दोन सूर चिकटायचे, भात्याचं चामडं सुटलं होतं. गेल्या दिवाळीत मी ती दुरुस्त करून घेतली. आता सगळे सूर बोलतात. मला वाजवता येत नाही आणि ती नुसती गोधडीखाली झाकून ठेवायला माझं मन घेत नाही. ज्या मंडळाकडं वाजवणारा माणूस आहे, शिकाऊ असला तरी चालेल, त्यांनी ती घेऊन जावी. पैसे नकोत. अट एकच, ती पिटात नटाच्या समोर ठेवायची.

नेताना टेम्पो आणा आणि उचलायला चार माणसं आणा, कारण पाणंदीतून गाडी खळ्यापर्यंत येत नाही. आगोटीच्या आत आलात तर बरं, एकदा पाऊस लागला की तिला घराबाहेर काढता यायची नाही.

तुमची,
दादांच्या उजव्या अंगाला बसणारी